टेकडीपलीकडे गेलेला निरोप

माझा भाऊ काल्यू दुधाचा टँकर चालवतो, आणि त्याच्या तोंडून एक शब्द काढायचा तर सांडशी घेऊन बसावं लागतं. आमच्या एस्टोनियात एकूणच माणसं कमी बोलतात, ते मला मान्य आहे. शेजाऱ्याचं छप्पर पेटलं तरी आम्ही आधी विचार करणार, सांगितलं तर त्याला आगाऊपणा तर वाटणार नाही ना. पण काल्यू आमच्यातसुद्धा मुका गणला जातो, आता बोला. मी एंडला, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून त्याच्याच घरी राहते आणि घरातलं दोघांचं बोलणं मी एकटी बोलते.

तर या काल्यूचं मन बसलं होतं हेल्वेवर. हेल्वे आमच्या सामुदायिक शेतावरची गुरांची डॉक्टर. एकटी राहणारी, हसरी, बैलाला सुई टोचताना त्याच्याशीच गप्पा मारणारी. दर हिवाळ्याआधी हा गडी तिच्या अंगणात जायचा, तिची लाकडं फोडायचा आणि भिंतीला लावून अशी रचायचा की गवंड्याने ओळंबा लावून बघावा. ती कॉफी द्यायची. हा प्यायचा, ‘आभारी आहे’ म्हणायचा आणि घरी यायचा. झालं. ‘अरे, काही बोललास का तिच्याशी?’ मी विचारायची. ‘लाकडं ओली होती यंदा,’ तो म्हणायचा. मला वाटायचं, त्यातलंच एक लाकूड घ्यावं आणि याच्या टाळक्यात घालावं.

असं चालू असताना १९८९च्या जूनमध्ये, उन्हाळ्याच्या सणाच्या जाळाभोवती सगळं गाव जमलेलं असताना, उर्मासने तिला सरळ मागणी घातली. उर्मास आमचा शेतकी अधिकारी. टापटीप, गळा गोड, नाचायला पुढे. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही, हेच तर दुखणं. हेल्वे त्याला म्हणाली, ‘तेवीस ऑगस्ट होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सांगते.’ ही बातमी जाळ विझायच्या आत गावभर झाली.

तेवीस ऑगस्टचं सगळ्यांनाच लागून राहिलं होतं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला हिटलर आणि स्टालिनच्या मंत्र्यांनी आमच्या पाठीमागे सह्या करून आम्हाला वाटून घेतलं होतं. आता मॉस्कोची पकड ढिली पडत चालली होती, रोज सकाळी उठून वाटायचं की आज काहीतरी होणार. म्हणून आम्ही, लॅटव्हियाने आणि लिथुआनियाने मिळून ठरवलं: त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता आमच्या राजधानीपासून, ताल्लिनपासून, थेट लिथुआनियाच्या विल्नियसपर्यंत रस्त्याच्या कडेला हातात हात धरून उभं राहायचं. पंधरा मिनिटं. ना दगड, ना काठी. खरं सांगते, अनोळखी माणसाचा हात एवढा वेळ धरायचा याची आमच्या लोकांना रणगाड्यांपेक्षा जास्त धास्ती होती. आमच्या गल्लीतल्या दोघीजणी तर भर उन्हाळ्यात हातमोजे घेऊन निघाल्या होत्या.

प्रत्येक गावाला रस्त्याचा आपापला तुकडा नेमून दिलेला होता. आमचा विल्यांडी शहराच्या दक्षिणेला, एका टेकडीच्या पलीकडे. मी हेल्वेला आदल्या दिवशीच गाठलं आणि म्हटलं, ‘तुझ्या शेजारची जागा काल्यूसाठी ठेव हं.’ ती म्हणाली, ‘ठेवते की. पण येईल का तो?’ मी म्हटलं, ‘आणते मी त्याला.’

गावाची बस दुपारीच गेली. काल्यूची दुधाची फेरी आटपायची होती, म्हणून मी मागे थांबले. याला एकट्याला सोडलं असतं तर तो टँकर धुवत बसला असता. तो आला, अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, आणि आम्ही आमच्या जुन्या मोस्क्विच मोटारीत बसून निघालो.

“हे बघ,” मी त्याला सांगितलं, “एकदा तिचा हात तुझ्या हातात आला, की पंधरा मिनिटं तुला पळून जाता येणार नाही. तिलाही नाही. तेवढ्यात विचारून टाकायचं. आज नाही विचारलंस तर उद्या ती उर्मासला हो म्हणणार. कळतंय का?”

“हं,” काल्यू म्हणाला.

“हं नाही. म्हणून दाखव.”

“गाडी चालवतोय ना, ताई.”

आणि कशी चालवत होता, काय सांगू. मुख्य रस्त्याला लागलो आणि बघते तर अख्खा देश रस्त्यावर. मोटारी, बस, टपावर माणसं बसलेले ट्रक, ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्यांत बाकं टाकून बसलेल्या आज्या, बाजूच्या डब्यात कुत्रा बसवलेल्या मोटारसायकली. सगळीकडे आमचे निळे-काळे-पांढरे झेंडे. वर्षभरापूर्वीपर्यंत जो झेंडा घरात सापडला तर हातात बेड्या पडायच्या, तो लोकांनी गवत ओढायच्या दाताळ्यांना बांधला होता. मला नुसतं ते बघून हसू येत होतं. पोटातून उकळी फुटल्यासारखं हसू, थांबेना.

पण पुढे जायला वाट कुठे होती. आणि जी होती ती काल्यू दुसऱ्यांना देत सुटलेला. आडरस्त्यावरून बस आली, हा थांबला. ट्रॅक्टर आला, हा थांबला. एक म्हातारा सायकल हातात धरून उभा होता, त्याला तर पलीकडे जायचंही नव्हतं, तरी हा थांबला.

“अरे मेल्या, तू काय चौकात उभा केलेला पोलीस आहेस का?”

“त्यांनाही जायचंय, ताई.”

“त्यांना देश सोडवायचाय. तुला देशही सोडवायचाय आणि लग्नही करायचंय. तुझं काम दुप्पट आहे.”

त्यावर तो किंचित हसला आणि अजून एका ट्रकला वाट दिली.

शेवटी गाड्या ठप्प झाल्या. आमची कोंडी म्हणजे कुणी भोंगा वाजवत नाही, शिव्या देत नाही, काचा वर करून आपापल्या गाडीत बसून राहतात. पण त्या दिवशी काहीतरी वेगळंच होत होतं. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच खाली केली. मला वाटलं, आमचं चाक बसलं असेल. तर तिने बरणीतून खारवलेली काकडी काढून माझ्या हातात दिली. अनोळखी बाई. “शेपू जास्त पडलाय जरा,” म्हणाली. मी तिला आमची उकडलेली अंडी दिली. मागच्या गाडीतल्या माणसाने अकॉर्डियन काढलं. कुणीतरी गाडीच्या टपावर उभं राहून बघितलं आणि ओरडून सांगितलं की पुढे टेकडीपर्यंत नुसत्या गाड्याच गाड्या आहेत. त्यावर लोक टाळ्या वाजवायला लागले. गाड्या अडल्या म्हणून टाळ्या वाजवणारे लोक मी तोवर पाहिले नव्हते, आणि मीसुद्धा वाजवत होते.

मग रेडिओवरची बाई सांगायला लागली: जे जिथे अडकले असतील त्यांनी तिथेच उतरावं आणि साखळी धरावी, सात वाजायला आलेत. सगळीकडे दारं उघडल्याचा आवाज झाला.

“पळ,” मी काल्यूला म्हटलं. “त्या टेकडीपलीकडे आपली माणसं आहेत. पळत गेलो तर पोचू.”

आणि आम्ही पळालो. मी, पन्नाशी उलटलेली बाई, चांगले बूट घालून. काल्यू पुढे, पांढरा सदरा फुगलेला. टेकडीच्या पायथ्याशी पोचलो, आता चढण तेवढी राहिली, आणि तिथे दंडाला स्वयंसेवकाची पट्टी बांधलेला एक माणूस हात पसरून आडवा आला.

“इथे दोन माणसं कमी आहेत,” तो म्हणाला. “पलीकडे भरलंय सगळं. तुम्ही दोघं उभे राहा.”

“आम्हाला पलीकडे जायचंय,” मी म्हटलं. “आमची जागा तिकडे आहे.”

“बाई, तिकडे आहे तशी इथेपण आहे.”

मी काल्यूच्या पाठीत बुक्की घातली. “जा तू. मी हात ताणून दोघांचं भरून काढते.”

काल्यूने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग टेकडीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझा राग क्षणभर विरघळला, कारण त्याला किती जायचं होतं ते मला त्याआधी कधी एवढं स्पष्ट दिसलं नव्हतं.

“इथे भोक पडेल, ताई,” तो म्हणाला आणि जागेवर जाऊन उभा राहिला.

आता काय करणार. कपाळावर हात मारायलाही सवड नव्हती, तो हात द्यायचा होता. मी टेकडीच्या बाजूला उभी राहिले, काल्यू माझ्या दुसऱ्या बाजूला. माझ्या पुढे, चढणीकडे, टोपी घातलेली एक म्हातारी बाई होती, निवृत्त शाळामास्तरीण असावी असं तिच्या ताठ मानेवरूनच कळत होतं. तिने माझा हात घट्ट धरला.

सात वाजले. बोलणं थांबलं. आणि मग डावीकडून, ताल्लिनच्या बाजूने, तो शब्द यायला लागला. एकाने शेजारच्याला सांगायचा, त्याने पुढच्याला. स्वातंत्र्य. काल्यूने मला सांगितला, अगदी हळू. मी म्हातारीला सांगितला. तो शब्द आम्ही पन्नास वर्षं स्वयंपाकघरातसुद्धा कुजबुजून बोललो होतो. आता तो टेकडी चढताना दिसत होता. एकेक डोकं वळायचं, पुढच्याकडे झुकायचं, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं, अगदी वर माथ्यापर्यंत. मग तो पलीकडे गेला. मला इतका आनंद झाला की उड्या माराव्याशा वाटल्या, पण दोन्ही हात अडकलेले.

आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, एवढा मोठा शब्द टेकडीपलीकडे जातो, तर आपला लहानसा का जाणार नाही?

मी म्हातारीच्या कानाशी वाकले. “बाई, पुढे एक निरोप द्याल का? टाम्मेपेरे गावच्या हेल्वे डॉक्टरीणबाईंना. काल्यू विचारतोय, त्या त्याच्याशी लग्न करतील का.”

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यापलीकडे काल्यूकडे पाहिलं. वर्गात मुलाला तपासावं तसं. “हा काल्यू?”

“हाच.”

“ताई,” काल्यू म्हणाला, “काय करतेयस?”

पण निरोप गेला होता. म्हातारी पुढच्या तरुणाकडे झुकली, तो त्याच्या बायकोकडे, ती एका मिशीवाल्याकडे. डोकी वळत वळत माथ्यापर्यंत पोचली. काल्यूचा हात माझ्या हातात घामाने ओला झाला होता आणि तो स्वतः बिटासारखा लाल झाला होता. मी कुठेही न बघता उभी राहिले.

बराच वेळ काही नाही. मग माथ्यावर एक डोकं आमच्या बाजूला वळलं. मग दुसरं. यावेळी गंमत अशी, की जो तो ऐकायचा तो हसायचा, आणि हसू टेकडी उतरत खाली येत होतं. म्हातारीने ऐकलं, तिचे ओठ थरथरले, पण तिने शिस्तीत सांगितलं:

“त्या विचारताहेत, हे काल्यू विचारतोय की त्याची बहीण?”

आता मी लाल झाले. सगळी ओळ वाकून आमच्याकडे बघायला लागली. काल्यूच्या पलीकडे एक जाडा गृहस्थ होता, त्याने त्याच्या शेजारणीला सांगितलं, तिने पुढे सांगितलं, आणि आता निरोप ताल्लिनच्या दिशेनेही पसरायला लागला. तेवढ्यात तो दंडपट्टीवाला हातातलं घड्याळ बघत आला.

“झाली पंधरा मिनिटं. सोडलेत हात तरी चालेल.”

कुणी हलेना.

“अहो, संपलं,” तो म्हणाला.

“थांबा हो,” जाडा गृहस्थ म्हणाला, “इथे लग्न अडलंय.”

दंडपट्टीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग मुकाट्याने जाऊन ओळीच्या मागे उभा राहिला. वर टेकडीवरही हात सुटले नव्हते. एवढी माणसं, ओळखीची ना पाळखीची, एका दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

“काल्यू,” मी म्हटलं. “आता मी नाही हं. आता तू.”

त्याने घसा साफ केला. मला वाटलं, आता हा लाकडं ओली होती म्हणणार. पण तो माझ्याकडे वळला आणि थेट माझ्या डोळ्यांत बघत, जणू मीच ती, म्हणाला:

“हेल्वे, मी काल्यू. मीच विचारतोय. इतके हिवाळे तुझी लाकडं रचली. आता त्यांच्या उबेला मला तुझ्याशेजारी बसायचंय. रोज.”

एवढे शब्द मी त्याच्या तोंडून एका दमात जन्मात ऐकले नव्हते. माझ्या जिभेवर पुढचं सगळं तयार होतं: की तो दारू पीत नाही, की त्याच्या हाताला गुण आहे, की घरात मी अडचण होणार नाही, मी माझी मागच्या खोलीत राहीन. मला प्रत्येक गोष्टीत चार शब्द आपले घालायची खोड आहे. पण मी म्हातारीकडे वळले आणि त्याचेच शब्द सांगितले, त्याच क्रमाने, आणि तोंड मिटलं. म्हातारीने एकदा मनाशी म्हणून पाहिले. मग पुढे दिले.

यावेळी कुणी हसलं नाही. डोकी हळूहळू वळत गेली. प्रत्येक जण ऐकून झाल्यावर क्षणभर थांबायचा, मगच पुढे वाकायचा. निरोप माथ्यावर पोचला, पलीकडे उतरला, आणि आम्हाला फक्त टेकडी दिसत राहिली. तो वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक.

उत्तर आलं ते फार वेगात आलं. माथ्यावरून खाली डोकी नुसती भराभर वळत होती. म्हातारीला त्या तरुणाने सांगितलं, आणि ती माझ्याकडे वळली तेव्हा तिची टोपी तिरकी झाली होती.

मी काल्यूला सांगितलं, “हो. पळत ये.”

काल्यूने हात सोडले. आधी जाड्या गृहस्थाचा, मग माझा. आणि धावत सुटला. रस्त्याच्या मधून, थांबलेल्या गाड्यांच्या आतून, कुणाला वाट न देता, टेकडी चढत. ओळीतली माणसं अजून हातात हात धरून होती, हात सोडून टाळ्या वाजवायच्या की नाही ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून धरलेलेच हात वर करत होती. तो जाईल तसे हात वर होत गेले.

मीही निघाले त्याच्या मागून, पण माझी चाल ती काय. माथ्यावर पोचले तेव्हा खाली, आमच्या बसपाशी, घोळका दिसला. गाणं सुरू झालं होतं. आणि त्या घोळक्यातून निघून एकटाच माणूस वर येत होता. उर्मास. कोट हातावर टाकलेला.

मला कुठे बघू असं झालं. सकाळपासून याचं नाव घेऊन मी किती बोटं मोडली होती.

“अभिनंदन, एंडलाताई,” तो म्हणाला.

“तुला कळलं का आधीच?”

“माझ्या तोंडूनच तर गेलं.” त्याने कोट दुसऱ्या हातावर घेतला. “सात वाजत आले तरी काल्यूचा पत्ता नाही. हेल्वेच्या शेजारची जागा रिकामी. भोक नको म्हणून मला उभं केलं तिथे. मी म्हटलं, वा, नशीबच उघडलं.”

म्हणजे तो निरोप टेकडी उतरून याच्या कानापर्यंत आला होता, आणि तिचा हात धरून यानेच तो तिच्या कानात सांगितला होता. एकदा नव्हे, दोनदा. आणि तिचा हो सगळ्यात आधी यानेच ऐकला, आणि वळून पुढच्याला दिला.

“सगळं सांगितलंस? त्याने सांगितलं तसं?”

“लाकडांसकट.”

“अरे, गिळून टाकलं असतंस तर कुणाला कळलं असतं? ‘नाही’ असं उत्तर आलं म्हणाला असतास, आम्ही इकडे समजून गेलो असतो.”

उर्मासने रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना, दिसेल तिथवर, माणसं उभी होती.

“दुसऱ्यांदा आलं तेव्हा आलं होतं मनात,” तो म्हणाला. “पण मग वाटलं, तिकडे ताल्लिन, इकडे विल्नियस, आणि एवढ्या सगळ्यांत साखळी तुटली ती उर्मासपाशी. आज नको, ताई. दुसऱ्या कुठल्याही दिवशी चाललं असतं.”

माझे डोळे वाहायला लागले, दिवसभराच्या हसण्याचं सगळं पाणी झालं. मी त्याचा हात धरला. तो दचकला, आमच्याकडे अशी सवय नाही. पण त्याने तो सोडवून घेतला नाही, आणि आम्ही दोघं खाली, गाणं चाललं होतं तिकडे, चालत गेलो.